मोरी तुंबते, बोलणी मात्र सुनेला

यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: घर शेतकरी कुटुंबाचे असून स्लॅबचे नवे बांधकाम चार वर्षांपूर्वीचे आहे. स्वयंपाकघरातले सिंक, भांडी घासायची मोरी आणि न्हाणी या तिन्हींचे सांडपाणी अंगणाखालून गेलेल्या सुमारे ४० फूट लांबीच्या तीन इंची पाइपाने रस्त्याकडेच्या नालीत जाते. पहिली दोन वर्षे काही त्रास नव्हता. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र पाइप वारंवार तुंबला, आणि यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, पंगती सुरू असतानाच, सिंकचे खरकटे पाणी न्हाणीतून वर आले. सासूबाईंच्या मते सून तेलकट पाणी आणि भाताची पेज सिंकमध्ये ओतते म्हणून असे होते. सुनेच्या मते सासूबाई अजून राखेने भांडी घासतात म्हणून. पती दर वेळी रात्री बाटलीभर ॲसिड ओततात आणि सकाळपर्यंत पाणी उतरलेले असते. तालुक्याहून आलेल्या फिटरने सगळी फरशी फोडून चार इंची पाइप टाकायला सांगितले असून त्याचा खर्च ३५ हजार रुपये सांगितला आहे. शेजारी म्हणतात की सांडपाण्याचा पाइप संडासाच्या खड्ड्यालाच जोडून टाका. दोन वर्षांपूर्वी घरासमोर सिमेंटचा रस्ता आणि नवी नाली झाली, असा उल्लेख पत्रात जाता जाता आला आहे. भगिनी विचारतात की सासूबाईंना राख बंद करण्याविषयी कसे सांगावे, आणि कापूस विकून हाती येणारे पैसे या कामात घालावेत का.

ताई, तुमच्या पत्राचा बराच भाग राख आणि पेज यांच्या वादाने व्यापला आहे, आणि रस्त्याचा उल्लेख एका ओळीत संपला आहे. मला मात्र ती एक ओळच सर्वांत महत्त्वाची वाटते. घरात दोन बायका, दोघींचीही सवय थोडीबहुत पाइपाला जड जाणारी, आणि तुंबलेले पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर. अशा वेळी कारण माणसांत शोधले जाते, कारण माणसे समोर असतात आणि पाइप जमिनीखाली असतो. परंतु तुमच्या घरातली राख आणि पेज पहिल्या दोन वर्षांतही होतीच, आणि उन्हाळ्यातही असतेच. जे कारण बारा महिने हजर आहे, ते केवळ पावसाळ्यातच आणि तेही रस्ता झाल्यानंतरच कसे प्रकट होते, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

तुमच्या पत्रातल्या खुणा एकत्र ठेवून पाहू. केवळ सिंक तुंबले असते आणि न्हाणीचे पाणी सुरळीत जात असते, तर अडथळा सिंकखालच्या वळलेल्या नळीत किंवा स्वयंपाकघराच्या आखूड पाइपात आहे असे म्हणता आले असते, आणि तिथे तेल, पीठ व खरकटे यांना दोष देणे योग्य ठरले असते. तुमच्याकडे सिंकचे पाणी न्हाणीतून वर येते. याचा अर्थ तिन्ही पाइप जिथे एकत्र येतात, त्या जोडाच्या पुढे कुठेतरी पाणी अडते आहे, आणि न्हाणीचे तोंड घरात सर्वांत खाली असल्यामुळे ते तिथून बाहेर पडते. दुसरी खूण अशी की पाणी रात्रभरात आपोआप उतरते. घट्ट बसलेला बोळा सकाळी आपणहून दूर होत नाही. पुढची पातळी उतरली की मागचे पाणी उतरते, असाच हा प्रकार दिसतो. तिसरी खूण पावसाळ्याची, आणि चौथी नव्या नालीची.

माझा अंदाज असा आहे की तुमच्या पाइपाचे बाहेरचे तोंड नालीतल्या गाळात किंवा पाण्यात बुडते. विदर्भातल्या पुष्कळ गावांत जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सिमेंटचा थर चढवला जातो, त्याबरोबर नालीची उंचीही वाढते आणि घरांची जोती तेवढीच राहतात. पूर्वी जो पाइप नालीच्या तळापासून चांगला वर उघडत असे, तो आता तळालगत उघडतो. मग पावसाळ्यात शेतातून पायांनी, बैलांच्या खुरांनी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आलेली काळी माती नालीत साचली की तोंड बंद होते, पाइपातले पाणी थबकते, आणि थबकलेल्या पाण्यातून राख, माती व अन्नाचे कण तळाशी बसतात. वाहत्या पाण्यात जी राख निघून गेली असती, ती थांबलेल्या पाण्यात थर धरते. म्हणजे राख आणि पेज अगदीच निर्दोष आहेत असे नाही. परंतु त्या साथीदार आहेत, मूळ कारण नाहीत. महालक्ष्म्यांच्या दिवशी नेमके काय झाले असेल तेही यावरून कळते: भाद्रपदातली भरलेली नाली, आणि एरवी दिवसभरात सांडणारे पाणी त्या दिवशी दोन-तीन तासांत, तेही पुरण, कढी आणि तळणाच्या भांड्यांचे. त्या दिवशी सिंकपाशी कोणीही उभे असते तरी पाणी वर आलेच असते.

आता ॲसिडविषयी. तुमचे पती ते रात्री ओततात आणि सकाळी पाणी उतरलेले दिसते, त्यामुळे श्रेय ॲसिडला मिळते. पण रात्री घरातले पाणी वापरणे बंद असते आणि नालीही ओसरते, म्हणून ते न ओतताही पाणी उतरले असते. पुढच्या वेळी एक रात्र काहीही न ओतता पाहावे. दुकानात संडास-बाथरूम धुण्यासाठी मिळणारे ॲसिड हे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते चुन्याचे, म्हणजे जड पाण्याच्या क्षारांचे पुट तेवढे विरघळवते. तेल, केस, माती आणि राखेतले वाळूसारखे कण यांच्यावर त्याचा उपयोग नाही. उलट सिमेंटचे चेंबर, फरशीचे सांधे आणि लोखंडी जाळी यांना ते खाते. कॉस्टिक सोडा तेल आणि केस विरघळवतो हे खरे, पण मातीचा थर त्यानेही हलत नाही, आणि तो पाण्यात पडताच एवढा तापतो की उडालेला थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे एकाने ॲसिड ओतलेले असताना दुसऱ्याने ब्लीचिंग पावडर टाकणे: त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर किंवा लिंबू यांचा फेस दिसायला जोरकस असतो, परंतु दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे जवळजवळ साधे खारट पाणीच उरते. उकळते पाणीही ओतू नये, कारण पीव्हीसीचा पाइप त्याने मऊ पडतो आणि वितळलेले तेल थोडे पुढे जाऊन गार भागात पुन्हा गोठते.

फिटरच्या सल्ल्याविषयी मला अधिक सावधपणे बोलावे लागेल, कारण मी तुमचे घर पाहिलेले नाही आणि त्याने पाहिले आहे. तरीही त्याला एक प्रश्न जरूर विचारा: उतार किती मिळणार? सांडपाण्याच्या पाइपाला दर दहा फुटांमागे सुमारे तीन इंच उतार असावा. अगदी अडचण असेल तर दोन इंचांपर्यंत चालवून घेतात. म्हणजे तुमच्या ४० फुटांना एक फूट, किमान आठ इंच उतार हवा. हा उतार नसेल तर तीनऐवजी चार इंची पाइप टाकून काही साधत नाही. मोठ्या पाइपात तेवढेच पाणी अधिक पसरते, त्याचा जोर कमी होतो आणि गाळ उलट लवकर बसतो. ३५ हजार रुपये खर्चून पाइप जर त्याच बुडालेल्या तोंडापाशी नेऊन सोडला, तर पुढच्या पावसाळ्यात फरशी नवी असेल आणि भांडण जुनेच असेल.

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडे पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी असते; तिचे एक टोक न्हाणीपाशी आणि दुसरे नालीपाशी धरून दोन्हीकडची पातळी भिंतीवर खुणेने घ्यावी, आणि तिथून न्हाणीच्या ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागातून, पाइप निघतो त्याचा तळ व नालीतल्या पाइपाच्या तोंडाचा तळ किती खाली आहेत ते मोजावे. या दोन मापांतला फरक म्हणजे तुमचा एकूण उतार. त्याच वेळी नालीच्या सिमेंटच्या तळाचे आणि गाळाच्या वरच्या थराचेही माप घ्यावे. अर्ध्या तासाच्या या कामाने, पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे बहुतांशी ठरेल. मोजमापाच्या दिवशी न्हाणीत निळीचे बादलीभर पाणी सोडून बाहेर ते केव्हा आणि किती जोराने येते तेही पाहावे. येतच नसेल आणि वरही चढत नसेल, तर मध्ये कुठेतरी जोड सुटून पाणी जमिनीत मुरत आहे.

ही शेवटची शक्यता आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. पश्चिम विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा मातीत पाइप नुसताच चरात टाकून वर माती ओढली असेल, तर दोन-तीन वर्षांत तो मध्येच खचतो किंवा उचलला जातो, आणि खचलेल्या जागी पाणी कायमचे साचून राहते. म्हणून पाइप जेव्हा केव्हा नव्याने टाकाल, तेव्हा चर थोडा खोल घेऊन खाली चार ते सहा इंच मुरूम किंवा वाळू दाबून भरायला सांगा, आणि बाजूंनीही मुरूमच भरून घ्या. काटकोनी वळणाऐवजी दोन सौम्य वळणे ठेवावीत, आणि जिथे पाइप वळतो किंवा दुसऱ्याला मिळतो तिथे झाकणाचे चेंबर असावे. चेंबर असले की निदान करायला फरशी फोडावी लागत नाही: झाकण उचलल्यावर चेंबर भरलेले दिसले तर अडथळा पुढे, रिकामे दिसले तर मागे.

मोजणीच्या आधी, कदाचित याच आठवड्यात, एक काम करता येईल. नालीतल्या तुमच्या तोंडाच्या पुढे-मागे दहा-पंधरा फूट गाळ काढून घ्यावा आणि पाइप आतून धुवावा. गज किंवा सळई घालू नये. तिने वळणावरचा पाइप फुटतो. शेतात ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी पडलेली असेल तर तिचे टोक चिंधी बांधून गोल करावे आणि ती नालीच्या बाजूने आत सरकवत न्यावी. खालून वर गेले की सुटलेला गाळ मागच्या पाण्याबरोबर बाहेर येतो. वरून खाली ढकलला तर तो पुढे दाबला जाऊन अधिक घट्ट होतो. थोडी वाट झाली की चिंधी काढून त्याच नळीतून टाकीचे पाणी सोडावे, म्हणजे आतला थर धुऊन निघतो. विहिरीवरचा पंप मात्र थेट पाइपाला जोडू नये, जोड निसटतील. हातात रबरी मोजे असावेत, ती नळी पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये, आणि आदल्या दिवशी कोणी ॲसिड किंवा सोडा ओतला असेल तर त्या दिवशी हे काम टाळावे. एक गोष्ट विषयाला धरूनच सांगते: फवारणीचा पंप न्हाणीत किंवा मोरीत कधीही धुऊ नये. ते विष नालीतून आणि शोषखड्ड्यातून कोणाच्या विहिरीत पोहोचेल हे सांगता येत नाही.

शेजाऱ्यांचा सल्ला, म्हणजे सांडपाणी संडासाच्या खड्ड्यात सोडणे, कृपया मुळीच मानू नका. दोन खड्ड्यांचा संडास हा थोड्या पाण्यासाठी बांधलेला असतो. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरायचा आणि पहिल्यातल्या मैल्याचे दोन वर्षांत खत होऊ द्यायचे, अशी ती रचना आहे. त्यात आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी गेले की खड्डा लवकरच तुडुंब होतो, मैला कुजत नाही, संडासाच्या भांड्यातून पाणी परत येते आणि भोवतालची माती दूषित होते. मग तो उपसायला कोणालातरी बोलवावे लागते, आणि गावात कोणाला बोलावले जाते हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर आणि माणसाला सुरक्षा साधनांशिवाय अशा टाकीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गाडगेबाबांच्या विदर्भात हे पुन्हा लिहावे लागू नये, पण लिहावे लागते.

मोजणीत पाइपाचे तोंड नालीच्या सिमेंट तळापेक्षा वर पण गाळाच्या खाली आढळले, तर प्रश्न साफसफाईचा आहे आणि तो ग्रामपंचायतीचा आहे. तोंडी सांगण्याऐवजी लेखी अर्ज द्या, त्यावर आणखी चार घरांच्या सह्या घ्या, आणि पोच घ्या. नालीच्या त्याच बाजूच्या घरांनाही हाच त्रास असण्याची दाट शक्यता आहे. कदाचित त्या घरांतही एखाद्या सुनेला बोलणी बसत असतील. ग्रामसभेत हा विषय मे महिन्यातच घ्यावा, कारण गाळ जूनच्या आधी निघाला पाहिजे. तोंड तळापेक्षाही खाली गेलेले असेल, तर मात्र कितीही सफाई केली तरी पाणी परतणारच. अशा वेळी पाइपाचे शेवटचे टोक उचलता येते का हे उतार पाहून ठरवावे, आणि येत नसेल तर नालीचा नाद सोडून पाणी आपल्याच आवारात जिरवावे.

ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. पाच माणसांचे पावणेतीनशे लिटर होतात आणि त्यातले बहुतेक सांडपाणीच होते. तीन-सव्वातीन फूट लांब-रुंद-खोल शोषखड्ड्यात दगड भरल्यावर जेमतेम एका दिवसाचे पाणी मावते, म्हणजे ते रोजच्या रोज जिरले पाहिजे. काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, ते जिरत नाही. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो, आणि तो विहीर किंवा बोअरपासून किमान १५ मीटर दूर असावा लागतो. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात आणि भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या ओल्या जमिनीत शोषखड्ड्यावर फार भिस्त ठेवू नये. तिथे पाणी परसात पसरवणे बरे. तुमच्या परसात जागा असेल तर मला सर्वांत पटणारा मार्ग हा आहे की सिंक आणि मोरीचे पाणी न्हाणीच्या पाइपापासून वेगळे करून, एका छोट्या चेंबरमधून, केळी आणि धोप्याच्या (अळूच्या) वाफ्याकडे न्यावे. दीड फूट लांब-रुंद चेंबर पुरते. त्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाचे तोंड पाण्याखाली सहा इंच वळवून ठेवले की तेल वर तरंगत राहते, राख व खरकटे खाली बसते आणि मधले पाणी पुढे जाते. यासाठी अंगण फोडावे लागत नाही, आणि खर्च फिटरने सांगितलेल्या रकमेच्या जवळपासही जात नाही. परंतु ते चेंबर दर पंधरवड्याला उपसावे लागेल. ते काम कोणाचे, हे बांधतानाच ठरवा आणि तुमच्या पतींच्या उपस्थितीत ठरवा. ॲसिडची बाटली आणायला ज्यांना वेळ मिळतो त्यांना यालाही मिळेल.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. राख बंद करा असे त्यांना सांगू नये असे मला वाटते. राखेने भांडी स्वच्छ होतात, तिला पैसे पडत नाहीत, आणि इतकी वर्षे केलेल्या कामाला सुनेने चूक म्हणावे हे कोणालाही लागेल. भांडी घासल्यावर पहिले राखट पाणी मोरीत न सोडता घमेल्यात घ्यावे, थोडे निवळले की वरचे पाणी वाफ्यात आणि खालचा गाळ उकिरड्यावर टाकावा, एवढाच बदल पुरेसा आहे. मात्र ते पाणी रोज एकाच झाडाला घालू नये, कारण राख आणि आपली काळी माती दोन्ही अल्कधर्मी असतात. "आई, पहिले पाणी या घमेल्यात घ्या, मी ते परसात नेऊन टाकते," असे म्हणून काम तुम्ही वाटून घेतलेत तर बोलणे सोपे जाईल. तुमच्या बाजूनेही थोडे करता येईल: कढईतले तेल धुण्याआधी कागदाने किंवा कोरड्या राखेने पुसून घ्यावे, पेज म्हशीच्या बादलीत जावी, सिंकला बारीक जाळी बसवावी, आणि शांपूच्या पुड्या व केस न्हाणीच्या जाळीवरून रोज उचलावेत.

ज्या वाचकांना तुंबण्याचा नव्हे तर उन्हाळ्यात न्हाणीतून येणाऱ्या दुर्गंधीचा आणि झुरळांचा त्रास आहे, त्यांचे कारण वेगळे आहे. नहाणी ट्रॅपमधले साधारण दोन इंच पाणी हेच त्या वासाला अडवत असते, आणि लग्नसराईत घर बरेच दिवस बंद राहिले की ते आटून जाते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

तुमचे कापसाचे पैसे, ताई, तूर्त राहू द्या. आधी गाळ काढा आणि नळी लावून उतार मोजा, मग सिंकचे पाणी वेगळे करा आणि एक पावसाळा पाहा. त्यानंतरही न्हाणीचे पाणी थांबत असेल आणि मोजणीत पाइप मध्येच खचलेला आढळला, तर खचलेले तेवढेच दहा-बारा फूट उघडून मुरमावर नव्याने बसवायला सांगा. फिटर तेवढ्याच कामाला तयार होत नसेल, तर दुसरा फिटर पाहा.